रक्तवाहिन्या बोलतात, मेंदू ऐकतो!

सांग बघू, माणसाच्या डोक्यात किती किलोमीटर लांबीचा रस्ता मावेल?

दोन? दहा? देवळाली कॅम्पपासून लॅम रोडने नाशिक रोडपर्यंतचा?

छे! अजून खूप पुढे जा. आपल्या जवळच्या इगतपुरीहून समृद्धी महामार्गाने थेट नागपूर गाठायचं म्हटलं, तर 625 किलोमीटर होतात. मेंदूतल्या बारीकबारीक रक्तवाहिन्या सोडवून, एकीला एक जोडून सरळ मांडल्या, तर त्याही सुमारे 600 किलोमीटर भरतील असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे!

आणि एवढा मोठा पसारा मावतो कशात? जेमतेम 1,400 ग्रॅमच्या मेंदूत!

या वाहिन्यांना म्हणतात केशवाहिन्या. पण खरं सांगू का? त्या केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. इतक्या बारीक, की रक्तातल्या तांबड्या पेशींना त्यातून एकामागे एक जावं लागतं. प्रार्थना संपल्यावर तुम्ही एकेरी रांगेत वर्गात जाता ना, अगदी तसंच! कुठेकुठे तर वाट एवढी अरुंद, की बिचाऱ्या पेशीला अंग चोरून, वाकून-दुमडून शिरावं लागतं.

एवढा खटाटोप कशाला? कारण मेंदू आहे भलताच खादाड! शरीराच्या वजनात त्याचा वाटा असतो शंभरातले फक्त दोन भाग. पण शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं, त्यातले शंभरातले वीस भाग हा एकटा फस्त करतो. तू झोपेत असतानासुद्धा! म्हणूनच मेंदूतल्या जवळजवळ प्रत्येक चेतापेशीच्या अगदी उशाशी एक केशवाहिनी असते. मधलं अंतर एका केसाच्या जाडीपेक्षाही कमी!

रूळ बोलायला लागले तर?

आता एक आपल्या गावची गोष्ट. 7 ऑगस्ट 2020 ला देवळाली स्टेशनातून एक खास गाडी सुटली. देशातली पहिली किसान रेल! शेतकऱ्यांचा माल घेऊन ती निघाली थेट बिहारमधल्या दानापूरला.

रक्तही असाच माल वाहतं. ऑक्सिजन, साखर, पाणी, क्षार. मग रक्तवाहिनी म्हणजे कोण? रूळ! गाडी धावते, रूळ आपले गप्प पडून असतात. शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं असंच वाटायचं. रक्तवाहिनी म्हणजे साधी नळी, दुसरं काय!

पण समज, एके दिवशी रूळच बोलू लागले तर? "अहो, पुढच्या गावात माल कमी पडलाय, दोन डबे जादा पाठवा!" "इथला पूल कोसळलाय, नवी वाट काढा!"

दचकू नकोस. मेंदूत हे खरंच घडतं!

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो. कोटाला किंवा दप्तराला आतून अस्तर असतं ना, तसा. आपण त्यांना अस्तरपेशी म्हणू या. दिसायला चपट्या, एकीला एक चिकटून बसलेल्या. पण गप्प? मुळीच नाही! दिवसरात्र त्यांचे निरोप चालू असतात. तोंड नाही, जीभ नाही, तरी बडबड! त्या बोलतात रसायनांच्या भाषेत. एक पेशी एक इवलासा रेणू सोडते, दुसरी तो पकडते आणि लगेच कामाला लागते.

नखावर करून बघ!

हे वाचताना एक गंमत कर. अंगठ्याचं नख दुसऱ्या हाताच्या बोटाने दाब. घट्ट! काय दिसलं? गुलाबी नख पांढरंफटक पडलं. आता सोड. एक, दोन... आलं की गुलाबी! नखाखालच्या केशवाहिन्यांतून रक्त बाहेर ढकललं गेलं होतं, ते परत धावत आलं.

आता मोठ्या रक्तवाहिन्यांकडे जाऊ. त्यांच्या भिंतीत स्नायू असतात. ते आवळले, की वाट अरुंद होते. सैल पडले, की वाट रुंद! पण "सैल हो" हे त्यांना सांगतं कोण?

रॉबर्ट फर्चगॉट नावाचे एक अमेरिकन शास्त्रज्ञ हेच शोधत होते. त्यांच्याकडे सशाच्या रक्तवाहिनीच्या पट्ट्या होत्या. एकच औषध घातलं, तरी काही पट्ट्या सैल पडायच्या आणि काही उलट आवळायच्या. असं कसं? डोकं खाजवून खाजवून शेवटी उलगडा झाला. ज्या पट्ट्यांचं आतलं अस्तर हाताळताना खरवडून गेलं होतं, त्या सैल पडतच नव्हत्या! म्हणजे निरोप देणारं अस्तरच होतं. 1980 साली त्यांनी हे जगाला सांगितलं.

निरोप कसला होता, ओळख पाहू? एका वायूचा! नायट्रिक ऑक्साइड. गाड्यांच्या धुरात जो सापडतो, तोच. आपल्याच अस्तरपेशी तो अगदी चिमूटभर बनवतात. तो जेमतेम काही सेकंद टिकतो, शेजारच्या स्नायूला "सैल हो" म्हणतो आणि नाहीसा होतो. एक वायू शरीरात निरोप्याचं काम करतो, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं! 1998 साली फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद या तिघांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं.

कडक फाटक

मेंदूतल्या अस्तरपेशी तर सगळ्यात शिस्तीच्या!

1885 साली पॉल अर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्याच्या रक्तात रंग सोडला. यकृत रंगलं, मूत्रपिंडं रंगली, सगळं अंग रंगलं. मेंदू मात्र कोराच्या कोरा! पुढे 1913 साली त्याचा विद्यार्थी एडविन गोल्डमन याने उलटा प्रयोग केला. त्याने रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचं अंग कोरं राहिलं. म्हणजे मधे काहीतरी फाटक असणार!

ते फाटक म्हणजे आपल्या अस्तरपेशीच. मेंदूत त्या एकमेकींना इतक्या गच्च शिवलेल्या असतात, की मधे फटच राहत नाही. शाळेच्या फाटकावरचे काका कसे ओळखपत्र बघूनच आत सोडतात? तसंच हे. साखर आलीस? ये. ऑक्सिजन? ये ये! जंतू? चल, पळ!

आणि मग मेंदूला इजा होते...

कधी सायकलवरून पडून डोक्याला जबर मार लागतो. कधी एखाद्या आजोबांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. त्याला आपण पक्षाघाताचा झटका म्हणतो. गुठळीच्या पलीकडे रक्त पोचत नाही. खादाड मेंदूची उपासमार सुरू!

मोठी रक्तवाहिनी अशी तुंबली, तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. दर मिनिटाला! हा आकडा वाचून मन धसकतं ना? पण थांब. गुठळीच्या अगदी जवळच्या पेशी जातात खऱ्या. त्यांच्या भोवतालच्या पुष्कळ पेशी मात्र नुसत्या निपचित पडलेल्या असतात. काम बंद, पण जीव आहे. त्यांना वेळेत रक्त मिळालं, तर त्या पुन्हा उठून कामाला लागू शकतात!

मग त्या काय करतात? मदतीसाठी हाका मारतात.

पेशीच्या आत ऑक्सिजन मोजणारी एक यंत्रणा असते. ती कशी चालते हे शोधणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना 2019 सालचं नोबेल मिळालं. ऑक्सिजन कमी पडला, की ही यंत्रणा जागी होते आणि पेशी एक खास प्रथिन सोडते. त्याचं नाव व्हीईजीएफ. ते आजूबाजूला पसरतं. जिथून निघालं तिथे दाट, दूर जाऊ तसतसं विरळ. स्वयंपाकघरात फोडणी पडली, की वास कुठून येतोय हे डोळे मिटूनही तुला कळतं ना? तसा अस्तरपेशींना हा निरोप कळतो. "इकडे या! इथे रक्त हवंय!"

द्राक्षाच्या वेलीसारखी वाट

आता येते सगळ्यात भारी गोष्ट!

तू नाशिक जिल्ह्यातला, म्हणजे द्राक्षबाग तुला नवी नाही. छाटणी झाली, की मांडव कसा भकास दिसतो. नुसत्या उघड्या काड्या. पण थोड्याच दिवसांत काडीवरचे डोळे फुगतात, फुटतात आणि कोवळी फूट बाहेर येते. तिच्या अंगावर हिरवी, वळवळीत तार असते. बागेत तिला बाळी म्हणतात. ती हवेत चाचपडत राहते. मांडवाची तार लागली, की घातलाच विळखा!

इजा झालेल्या मेंदूत रक्तवाहिनीला अशीच फूट येते. निरोप ऐकलेली एक अस्तरपेशी पुढे सरसावते. तिला इवलीइवली बोटं फुटतात. त्या बोटांनी ती चाचपडते, निरोप कुठे दाट आहे ते बघते आणि तिकडेच सरकते. ही झाली टोकावरची पेशी.

पण सगळ्याच पेशी पुढे धावल्या तर? नुसती चेंगराचेंगरी! म्हणून टोकावरची पेशी शेजारणीला हळूच बजावते, "मी पुढे जाते. तू मागे राहा आणि नळी बांध." शेजारीणही ऐकते. कधी मागची जास्त दमदार निघाली, तर ती पुढे येते आणि पुढची मागे बसते. पेशींचा खो-खोच की!

अशी फूट वाढत जाते. समोरून दुसरी फूट येते. दोघींची टोकं भेटतात, आतून पोकळ वाट तयार होते आणि नव्या वाहिनीतून रक्त धावू लागतं!

पण नवी वाहिनी असते कच्ची. थोडी गळकी. मग अस्तरपेशी आणखी एक निरोप धाडतात. तो ऐकून दुसऱ्या जातीच्या मदतनीस पेशी येतात आणि वाहिनीला बाहेरून मिठी मारून बसतात. वाहिनी पक्की होते, फाटक पुन्हा घट्ट बसतं. आणि बागेत जादा फूट काढून टाकतात, तशा इथे नको असलेल्या वाहिन्याही गळून जातात.

नळीचं काम संपलं? नाही!

आता रक्त पोचलं. ऑक्सिजन मिळाला. संपली गोष्ट?

अजून तर खरी मजा बाकी आहे! अस्तरपेशी नुसता माल पोचवून थांबत नाहीत. त्या चेतापेशींसाठी जणू खतही सोडतात. त्यातल्या एकाचं नाव बीडीएनएफ. ते 1982 साली डुकराच्या मेंदूतून शोधून काढलं होतं. ते मिळालं, की चेतापेशी तग धरतात आणि एकमेकींशी नवे दुवे जोडतात. पक्षाघातानंतर एखाद्या आजी पुन्हा चमचा धरायला शिकतात, तेव्हा मेंदूत असेच नवे दुवे जुळत असतात.

उंदरांमध्ये तर शास्त्रज्ञांनी याहून नवलाची गोष्ट पाहिली. मेंदूला इजा झाल्यावर आतल्या भागात नवजात चेतापेशी तयार झाल्या. मग इजेच्या जागेकडे त्या कशा गेल्या असतील? रक्तवाहिन्या धरून धरून! अस्तरपेशी निरोप सोडत होत्या आणि ही बाळं त्या हाकेमागे चालत होती.

आणखी एक कमाल ऐक. चेतापेशीचा लांब धागा वाढतो, तेव्हा त्याच्याही टोकाला चाचपडणारी बोटं असतात. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी 1890 साली कोंबडीच्या भ्रूणात हे टोक दाखवलं. रक्तवाहिनीचं टोक आणि चेतापेशीचं टोक, दोन्ही जणू जुळी भावंडं! "इकडे ये", "तिकडे जाऊ नको" असे बरेच निरोप दोघांनाही सारखेच कळतात.

हे टोक वाट कशी शोधतं, याचा अभ्यास कुठे होतो सांगू? आपल्या पुण्यात! तिथल्या आयसर संस्थेत डॉ. अर्णब घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या चेतापेशींवर आणि झेब्रा माशांवर असं काम केलं आहे.

झेब्रा मासा म्हणजे तोच, काचेच्या टाकीत दिसणारा करंगळीएवढा निळ्या पट्ट्यांचा मासा. तो मूळचा आपल्याच भागातला, भारत आणि शेजारच्या देशांतल्या ओढ्या-नद्यांतला. त्याचं पिल्लू अंड्यात असताना काचेसारखं पारदर्शक असतं! अंडं घातल्यापासून एका दिवसात त्याचं हृदय धडधडायला लागतं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, की रक्तवाहिनीला फूट येताना जिवंत दिसते. आणि मोठ्या माशाच्या मेंदूला इजा झाली, तर तिथे तो नव्या चेतापेशी तयार करतो. आपल्यापेक्षा कितीतरी सहज!

पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत झेब्रा मासा आपलं जखमी हृदय कसं दुरुस्त करतो याचा अभ्यास चालतो. आणि ओळख पाहू, त्याच संस्थेने आणखी काय केलंय? द्राक्षाची नवी जात! एआरआय-516. ती तिथल्या डॉ. सुजाता तेताली यांनी तयार केली. एकाच संस्थेत वेलही आणि मासाही!

निरोप बरोबर, पण वेळ?

तुझ्या मनात आलंच असेल, "मग इजा झाली की लगेच भरपूर व्हीईजीएफ टोचायचं! झालं काम!"

शास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं होतं. 2000 साली छापून आलेल्या एका प्रयोगात त्यांनी पक्षाघात झालेल्या उंदरांना व्हीईजीएफ दिलं. काहींना तासाभरात, काहींना 48 तासांनी. काय झालं असेल?

तासाभरात दिलेल्या उंदरांचं नुकसान झालं! फाटक गळकं झालं आणि नको ते मेंदूत शिरलं. 48 तासांनी दिलेल्यांचा मात्र फायदा झाला. नव्या वाहिन्या फुटल्या आणि उंदीर जास्त चांगले सावरले. औषध तेच, फरक फक्त वेळेचा!

द्राक्षाच्या शेतकऱ्याला विचार. तो एप्रिलमध्ये एक छाटणी करतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी. वेळ चुकली, की वेल तीच, माती तीच, तरी घड नीट येत नाहीत. मेंदूचंही तसंच आहे. कोणता निरोप, किती आणि केव्हा, हे शिकण्यातच आज जगभरचे शास्त्रज्ञ गुंतले आहेत. त्यांना ते जमलं, तर पक्षाघातानंतर लुळे पडलेले कितीतरी हात पुन्हा हलू लागतील. कोणी सांगावं, त्यातला एखादा निरोप तूच शोधून काढशील!

तोवर तुझ्यासाठी दोन कामं. आजच करायची.

पहिलं काम. सायकल चालवताना हेल्मेट घाल. टेंपल हिलच्या उतारावर तर नक्कीच! आणि स्कूटरवर मागे बसशील, तेव्हाही.

दुसरं काम. घरात कोणाचं तोंड अचानक एका बाजूला वाकडं झालं, एक हात वर उचलेना, किंवा बोलणं अडखळू लागलं, तर "थोडं पडून राहा, बरं वाटेल" असं कोणालाही म्हणू देऊ नकोस. लगेच 108 ला फोन करायला सांग. हे सगळं केव्हा सुरू झालं, ती वेळ लिहून ठेव. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

दर मिनिटाला 19 लाख पेशी, हा आकडा आज घरी सगळ्यांना सांग. 108 हा नंबरही पाठ करून घे. रक्तवाहिन्या त्यांचं काम चोख करतात. त्यांना वेळ मिळवून देणं आपल्या हातात आहे!